एका शहरात दोन घड्याळे

२४ मार्च २०२३, शुक्रवार. रमजानचा पहिला रोजा. आदल्या संध्याकाळी चांद दिसला होता, रात्री पहिली तरावीह झाली होती आणि पहाटेची सहेरी करून मी नऊच्या सुमारास हिंजवडीच्या कचेरीत पोहोचलो. संगणक उघडला तर एक छोटी सूचना समोर आली. टाइम झोनच्या डेटाबेसची नवी आवृत्ती निघाली होती. नाव २०२३-बी. बदल एकच होता : लेबनॉनने यंदा घड्याळ एक तास पुढे करणे लांबणीवर टाकले आहे.

आमच्या गटाकडे तेव्हा बेरूतमधल्या एका दवाखान्याच्या भेटीच्या वेळा सांभाळणाऱ्या प्रणालीचे काम होते. लेबनॉनचे घड्याळ रविवारी बदलणार होते, म्हणजे मधे दोनच दिवस. मी जुम्याच्या नमाजाला जाण्याआधी ती आवृत्ती सर्व्हरवर चढवली आणि काम वेळेत झाल्याचे समाधान मानले. पुढच्या बुधवारी ती उतरवावी लागली. तोवर त्या दवाखान्यातल्या काही रुग्णांना एक तास चुकीचा संदेश गेला होता.

चूक माझी होती. पण ती नेमकी कुठे झाली हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. शोधता शोधता मी बेरूतहून कैरो आणि राबातला गेलो आणि शेवटी शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत येऊन पोहोचलो. ओपन सोर्स प्रकल्पात नवी आवृत्ती कधी जाहीर करायची, हा वरवर पाहता अगदी तांत्रिक प्रश्न आहे. त्याच्या पोटात मात्र बराच इतिहास आहे.

आधी हा डेटाबेस काय आहे ते सांगतो. जगात कुठल्या गावी घड्याळ कधी, किती मिनिटांनी पुढे-मागे झाले याची ही एक सार्वजनिक वही आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेतल्या संगणकतज्ज्ञाने ती सुरू केली. पुढे कॅलिफोर्नियातले प्राध्यापक पॉल एग्गर्ट यांनी तिचा भार उचलला. तुमच्या हातातला फोन, मग तो अँड्रॉइड असो की आयफोन, बँकेचा सर्व्हर, विमानाचे तिकीट, सगळे कुठे ना कुठे याच वहीत डोकावून वेळ सांगतात. वहीवर कुणाची मालकी नाही. कुणीही ती फुकट घ्यावी आणि वापरावी.

या वहीत दुरुस्त्या सतत चालू असतात. कुणी कळवते की अमुक देशाने कायदा बदलला, कुणी जुन्या गॅझेटमधली चूक दाखवते. पण जग त्या रोजच्या कच्च्या नोंदी उचलत नाही. कधीतरी समन्वयक थांबतो, त्या क्षणीच्या वहीवर एक नाव ठोकतो, सही करतो आणि म्हणतो की ही २०२३-बी. याला टॅग लावणे म्हणतात. टॅग लागला की लिनक्सवाले ती आवृत्ती उचलतात, फोनवाले उचलतात, जावावाले आपल्या प्रतीत घेतात, आणि हळूहळू ती हिंजवडीतल्या माझ्या टेबलापर्यंत पोहोचते. म्हणून खरा निर्णय नोंद लिहिण्याचा नसतो, टॅग कधी लावायचा याचा असतो.

यावर ओपन सोर्सच्या जगात दोन जुनी मते आहेत. एक डेबियनचे : तयार झाले की निघेल, तारीख विचारू नका. डेबियनची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची ३.१ यायला जून २००५ उजाडले. जवळजवळ तीन वर्षे माणसे वाट पाहत राहिली. दुसरे मत उबंटूचे. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी पहिली आवृत्ती काढली तेव्हाच ठरवले की दर सहा महिन्यांनी नवी निघेल. त्या दिवशी जे तयार असेल ते जाईल, जे नसेल ते पुढच्या गाडीने. त्यांनाही २००६ मध्ये एकदा दोन महिने थांबावे लागले, पण नियम टिकला.

आपल्या वाचकांना हा वाद नवा वाटणार नाही. ईद चांद पाहूनच करायची की गणिताने आधीच ठरवायची, यावर दर रमजानच्या शेवटी आपल्या घरांत हाच वाद होतो. चांद पाहणारा म्हणतो, खात्री होईपर्यंत थांबा. कॅलेंडरवाला म्हणतो, लोकांना सुट्टी काढायची आहे, शिरखुर्म्याचे दूध सांगायचे आहे, आधी कळू द्या. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

टाइम झोनच्या वहीला मात्र या दोन्ही वाटा पुरत नाहीत. तिची वेळ ना तयारीवर ठरते ना कॅलेंडरवर. ती ठरते कुठल्या तरी देशाचे सरकार कधी तोंड उघडते यावर. आणि सरकारे फार उशिरा तोंड उघडतात.

मोरोक्कोचे पाहा. २८ ऑक्टोबर २०१८ च्या पहाटे तिथे घड्याळे एक तास मागे यायची होती. २६ तारखेला, शुक्रवारी, सरकारने ठरवले की आता मागे आणायचेच नाही, वर्षभर पुढचीच वेळ ठेवायची. त्याच दिवशी २०१८-जी हा टॅग लागला. तरी फोनपर्यंत बदल पोहोचायला दोन दिवस कुठे पुरतात? त्या रविवारी ज्या यंत्रांनी नवी आवृत्ती घेतली नव्हती, त्यांनी जुना नियम पाळून घड्याळ मागे केले. तिथे घाई करणारे बरोबर ठरले आणि थांबणारे चुकले.

मोरोक्कोची आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. तिथे रमजानच्या महिन्यापुरते घड्याळ एक तास मागे घेतात आणि ईदनंतर परत पुढे नेतात. आता वहीत भविष्याच्या तारखाही लिहाव्या लागतात, कारण पुढच्या वर्षीची बैठक आज ठरवणारा माणूस आजच वेळ विचारतो. म्हणून एग्गर्ट यांनी हिजरी महिन्यांच्या गणिताने मोरोक्कोच्या २०८७ पर्यंतच्या तारखा मांडून ठेवल्या आहेत. वहीत स्पष्ट लिहिले आहे की हा अंदाज आहे. सरकारने वेगळा दिवस धरला की नोंद सुधारायची. २०२३ मध्ये तसेच झाले : अंदाज ३० एप्रिलचा होता, घड्याळ पुढे झाले २३ एप्रिलला. रमजान सुरू होतानाच ही दुरुस्ती २०२३-ए मध्ये निघाली आणि कुणाचे काही बिघडले नाही. महिनाभर हातात होता, एवढाच फरक.

इजिप्तचे उदाहरण याच्या उलट. २०१६ साली सरकारने जाहीर केले की रमजान संपला की ७ जुलैपासून घड्याळ एक तास पुढे. १४ जूनला २०१६-ई मध्ये ती नोंद टॅग होऊन जगभर गेली. तीन आठवडे मिळाले होते, सगळे नीट चालले होते. मग अगदी तोंडावर सरकारचा विचार बदलला. ५ जुलैला २०१६-एफ काढावी लागली : इजिप्तचे घड्याळ जैसे थे. ज्यांनी तत्परतेने पहिली आवृत्ती चढवली त्यांना दोन दिवसांत दुसरी चढवायची होती. ज्यांनी काहीच केले नव्हते ते आपोआप बरोबर राहिले.

आता बेरूत. लेबनॉनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जाते. २०२३ मध्ये तो दिवस २६ मार्च. देशाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हता, काळजीवाहू सरकार होते, चलन कोसळले होते. अशा वेळी २३ मार्चला पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केले की यंदा घड्याळ २० एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत पुढे जाणार नाही. संसदेचे सभापती नबीह बेर्री यांनी त्यांना तशी गळ घातल्याची चित्रफीत बाहेर फुटली. म्हणणे एवढेच की रोजा संध्याकाळी सातऐवजी सहाला सुटेल.

इथे थोडे थांबतो, कारण हे वाक्य वाचून मला लाज वाटली होती. रोजा सूर्यावर चालतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा काळ घड्याळाचे काटे फिरवून एका मिनिटानेही कमी होत नाही. सहा म्हणा की सात, भूक तेवढीच असते. रोजेदारांची सोय हे कारण पुढे केले गेले, पण गावोगावच्या रोजेदारांनी ते मागितल्याचे दिसत नाही. आपल्या नावाने कुणीतरी एक निरर्थक सवलत घ्यावी आणि नंतरचे सगळे बोल आपल्याला लागावेत, हा अनुभव आपल्यालाही परका नाही.

पुढे जे झाले ते अपेक्षितच होते. मॅरोनाइट चर्चने निर्णय पाळणार नाही असे जाहीर केले. काही खासगी वाहिन्या, शाळा आणि व्यवसाय रविवारी एक तास पुढे गेले. सरकारी कचेऱ्या मागेच राहिल्या. राष्ट्रीय विमान कंपनीने घड्याळ मागे ठेवले आणि उड्डाणे एक तास अलीकडे घेतली. दोन मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकांना घड्याळ हाताने लावायला सांगितले गेले. बेरूतमध्ये आता वेळ सांगताना कुठली वेळ हे विचारावे लागत होते, आणि उत्तरावरून माणसाचा धर्म ओळखला जात होता. यादवी युद्ध पाहिलेल्या देशात ही साधी गोष्ट नाही. सोमवारी, २७ तारखेला, मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि बुधवार-गुरुवारच्या मध्यरात्री घड्याळ पुढे करायचे ठरवले.

वहीचे काय झाले? २३ मार्चला, म्हणजे आपल्याकडे २४ ची सकाळ झाली तेव्हा, सरकारी घोषणेप्रमाणे २०२३-बी निघाली. २८ मार्चला, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, २०२३-सी निघाली. या सी आवृत्तीत नवे काहीच नव्हते. ती अक्षरशः २०२३-ए होती. लेबनॉनमधला गोंधळ वहीत मांडायचा कसा, तर जुन्याच नोंदीकडे परत जाऊन, असे तिच्यासोबत लिहिले होते. त्या चार दिवसांत अर्ध्या देशाने एक वेळ पाळली आणि अर्ध्याने दुसरी. वहीत मात्र एका गावाला एका क्षणी एकच वेळ लिहिता येते. मग लोकांनी प्रत्यक्षात काय केले याकडे पाहून एक नोंद ठेवली गेली.

आमच्या दवाखान्यात झाले ते असे. आमच्या प्रणालीत भेटीची वेळ जागतिक वेळेत साठवलेली असते. रुग्णाला संदेश पाठवताना ती वहीत पाहून स्थानिक वेळेत बदलली जाते. सोमवारी दहाची वेळ घेतलेल्यांना नव्या नोंदीप्रमाणे नऊचा संदेश गेला. दवाखाना पुढे केलेल्या घड्याळावर चालत होता. ज्यांचे मनगटी घड्याळ मागेच होते त्यांच्यासाठी नऊ हे बरोबर होते. त्यांच्या नऊला दवाखान्यात दहा वाजत होते. ज्यांनी घड्याळ पुढे केले होते ते मात्र तासभर आधी येऊन बंद दारासमोर बसले. तिथल्या स्वागतकक्षातल्या बाईंनी फोनवर मला एकच प्रश्न विचारला : बदलण्याआधी आम्हाला का नाही विचारले?

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी वही उघडली होती, त्या बाईंना फोन केला नव्हता.

तेव्हा मला वाटले की दोष २०२३-बी चा आहे, इतक्या घाईने टॅग लावायलाच नको होता. नंतर विचार केला तेव्हा तसे राहिले नाही. समजा एग्गर्ट थांबले असते आणि लेबनॉनने पंतप्रधानांचे ऐकले असते, तर देशातले प्रत्येक यंत्र महिनाभर चुकीची वेळ दाखवत राहिले असते. २४ च्या सकाळी चर्च काय म्हणेल हे कुणालाही ठाऊक नव्हते. त्या क्षणी माहीत असलेली गोष्ट एकच होती, सरकारचा हुकूम. तो त्यांनी नोंदवला. मोरोक्कोत हेच केले तेव्हा ते बरोबर निघाले होते. निकाल पाहून निर्णयाला चूक म्हणणे सोपे असते, पण ते न्यायाचे नाही.

मग आळशी माणूसच शहाणा म्हणायचा का? इजिप्त आणि लेबनॉन या दोन्ही वेळी ज्याने काही केले नाही तो बरोबर राहिला. पण मोरोक्कोत तोच चुकला. थांबावे की धावावे याचा नियम या तीन घटनांतून निघत नाही. निघते ते वेगळेच : टॅग लावणारा वेळ ठरवत नसतो, तो फक्त साक्ष देत असतो. साक्षीदाराने आपल्याला जे आणि जेव्हा कळले ते सांगावे. चुकले तर तितक्याच उघडपणे दुसरी साक्ष द्यावी. आणि पहिली पुसू नये. २०२३-बी आजही जागच्या जागी आहे. हवी तर उतरवून पाहता येते. एग्गर्ट यांनी ती गुपचूप मागे घेऊन त्याच नावाने दुरुस्त प्रत ठेवली असती, तर कुठल्या यंत्रावर कुठली बी आहे हे जगात कुणालाच कळले नसते. चूक झाकण्याची ती वाट त्यांच्यापुढे होती आणि त्यांनी ती घेतली नाही. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. २०२१ च्या सप्टेंबरात सामोआने घड्याळ पुढे करणे रद्द केले. बदलाचा दिवस २६ सप्टेंबर होता, म्हणजे टॅग लावण्याची घाई होती. त्याच सुमारास एग्गर्ट यांनी वहीत एक मोठी फेररचना केली होती. १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळे सारखी चालली, त्यांच्या नोंदी एकत्र करायच्या. त्यामुळे काही शहरांचा १९७० पूर्वीचा इतिहास मुख्य वहीतून बाजूला पडत होता आणि अनेक जुन्या कार्यकर्त्यांचा त्याला विरोध होता. त्यांचे म्हणणे होते की आज फक्त सामोआ सोडा, बाकीचे भांडण नंतर मिटवू. २४ सप्टेंबरला २०२१-बी निघाली. फेररचनेचा काही भाग मागे घेतला होता, पण काही भाग सामोआसोबत गेलाच. नाराज मंडळींनी जुन्या नोंदी जपणारी वेगळी प्रत काढली. तातडीची गोष्ट आणि वादाची गोष्ट एकाच टॅगमध्ये बांधू नये, कारण ज्याला पहिली हवी त्याला दुसरी नाकारताच येत नाही. आपल्या विधिमंडळातही एकाच विधेयकात असे दोन विषय बांधलेले आपण पाहतोच.

या वहीवर २०११ मध्ये एक गंडांतरही आले होते. ॲस्ट्रोलेब नावाच्या ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने ३० सप्टेंबरला ओल्सन आणि एग्गर्ट यांच्यावर अमेरिकेत दावा लावला. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातून घेतली, असा आरोप. वही काही दिवस बंद पडली. १४ ऑक्टोबरला इंटरनेटची नावे आणि पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने ती आपल्या छत्राखाली घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये दावा मागे घेतला गेला. अमुक साली अमुक गावात किती वाजले होते, ही वस्तुस्थिती कुणाच्या मालकीची नसते. त्याच महिन्यात वहीची देखभाल कशी करायची याची रीतही लिहून ठेवली गेली. निर्णय समन्वयकाचा, पण उघड चर्चेनंतर आणि दाद मागण्याची सोय ठेवून.

१९७० चा उल्लेख वर आला, त्यातच आपली मुंबई हरवली आहे. आज तुम्ही-आम्ही ज्या नोंदीवर चालतो तिचे नाव आशिया/कोलकाता. पूर्वी ते आशिया/कलकत्ता होते. २००८ मध्ये नाव बदलले, पण जुने नावही ठेवले, कारण हजारो यंत्रांत ते लिहिले गेले होते. आजही काही ब्राउझरांमध्ये पुण्यात बसून वेळ विचारली तर कलकत्ता असे उत्तर येते. एकदा जगात गेलेले नाव परत घेता येत नाही, त्याची ही रोजची खूण.

मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, शहर आपल्या सूर्यावर चालायचे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला. लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून नवी भारतीय प्रमाणवेळ आली. वंगभंगाला तीनच महिने झाले होते आणि सरकारच्या कुठल्याही हुकमाकडे लोक संशयाने पाहत होते. गिरणी कामगारांनी विरोध केला. त्यांच्या दृष्टीने घड्याळ ३९ मिनिटे पुढे करणे म्हणजे तेवढे आधी कामावर बोलावणे होते. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली. सरकारी कचेरीत एक वेळ आणि बाजारात दुसरी, असे शहर पुढे अनेक वर्षे चालले. मुंबईची वेळ १९५० च्या दशकापर्यंत पुरती गेली नव्हती.

बेरूतमध्ये जे चार दिवस झाले ते मुंबईत चार दशकांहून अधिक चालले. फरक असा की तेव्हा दोन्ही वेळा माणसाच्या डोक्यात मावत होत्या. दुकानदार गिऱ्हाईकाला विचारू शकत होता, कुठल्या वेळेने? आजच्या यंत्राला तो प्रश्न विचारता येत नाही. त्याला वहीत जे लिहिले आहे तेच खरे. म्हणून वहीत लिहिणाऱ्यावरचे ओझे तेव्हाच्या कुठल्याही घड्याळजीपेक्षा जास्त आहे. आणि तिच्यावर आंधळा विश्वास टाकणाऱ्या माझ्यासारख्यावरचेही.

मी हे मुळशी तालुक्यात बसून लिहितो आहे. हिंजवडीचा आयटी पार्क याच तालुक्यात येतो. दिवसभर इथे तीन-चार घड्याळे चालतात. अमेरिकेचे घड्याळ मार्चमध्ये पुढे गेले की न्यूयॉर्कची सकाळची नऊची बैठक आपल्या साडेसातवरून साडेसहावर येते. त्या रमजानमध्ये पुण्यात रोजा पावणेसातच्या आसपास सुटत होता, आणि मी कॅमेरा बंद करून बैठकीतच खजूर तोंडात टाकत होतो. त्याच दिवसांत, चैत्री पौर्णिमेला, हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड निघाले आणि रस्त्यावरच्या कंपन्यांच्या गाड्या थांबल्या. कुणाची वेळ सूर्याची, कुणाची चंद्राची, कुणाची न्यूयॉर्कची. सगळे नांदते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची वेळ आधी कळलेली असते.

आधी कळणे हेच मला अखेर महत्त्वाचे वाटते. पावसाळ्यात मुळशी धरणातून मुळा नदीत पाणी सोडायचे असले की आधी सूचना फिरते : नदीकाठी जाऊ नका, पंप काढून घ्या, जनावरे हलवा. सोडलेले पाणी परत धरणात घेता येत नाही, म्हणून ही काळजी. टाइम झोनची वही सांभाळणारी मंडळी सरकारांना वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहेत : घड्याळ बदलायचे तर निदान वर्षभर आधी सांगा. मिकातींनी तीन दिवस आधी सांगितले. कैरोने तर सांगून फिरवले. टॅग कधी लावायचा याचे अचूक उत्तर समन्वयकाकडे कधीच नसणार, जोवर वरचा माणूस वेळेत बोलत नाही.

माझ्या हातात जे होते ते मात्र मी करायला हवे होते. आता आमच्या गटात एक नियम लिहिलेला आहे. वहीची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात आपल्या ग्राहकाचा देश असला, तर आधी तिथल्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचे, तुमच्या भिंतीवर आत्ता किती वाजले आहेत, आणि रविवारी तुम्ही काय करणार आहात? उत्तर मिळाले की मग सर्व्हरला हात लावायचा. आमच्या कागदावर या नियमाला क्रमांक आहे, पण आम्ही त्याला बेरूतवाल्या बाईंचा नियम म्हणतो.